सगळी पेठ पाणी भरायची

'सगळे' या शब्दाचा मला राग येतो. दिसायला किती गरीब शब्द आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पुण्यात तो कोण वापरतंय हे आधी बघावं लागतं. 'आमच्याकडे सगळे यायचे', 'आम्ही सगळे एकत्र वाढलो', 'आमच्या गल्लीत सगळ्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं होतं'. असं कुणी सुरू केलं की मी मनात विचारते, सगळे म्हणजे कोण हो? उत्तर मला ठाऊक असतं. विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही ठाऊक असतं. म्हणून पुष्कळ वर्षं मी ते मनातच विचारत होते. मोठ्याने विचारलं ते बुखाऱ्यात.

बुखाऱ्याला गेले ती कंपनीच्या कृपेने. वाय-टू-केची धास्ती नुकतीच ओसरली होती आणि पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या जगाच्या पाठीवरचं मिळेल ते काम पदरात पाडून घेत होत्या. आमच्या कंपनीला ताश्कंदच्या एका बँकेचं काम मिळालं. चौघांची टीम जाणार होती आणि त्यात मी होते, कारण मला रशियन येत होतं.

ते आलं बाबांमुळे. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, आम्ही राहायला विश्रांतवाडीला. माझ्या लहानपणी शहरात रशियन पुस्तकांची प्रदर्शनं लागत. जाडजूड गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं अगदी स्वस्तात मिळत. बाबा पिशवी भरून आणत आणि मला वाचता येत नाहीत म्हणून हळहळत. शेवटी त्यांनी मला रशियनच्या क्लासलाच घातलं. शेजारच्यांनी विचारलं, मुलीला इंग्रजी शिकवायचं सोडून हे काय? बाबा म्हणाले, "इंग्रजी शिकतेच आहे. पण आपली जात ज्या भाषेत कुणालाच कळत नाही, अशी एखादी भाषा माणसाला यावी."

आमच्या टीमचे प्रमुख, म्हणजे प्रोजेक्ट लीड, जन्माने पेठेतले. मी त्यांना मनात लीडसाहेब म्हणायची. राहायला कोथरूडला होते, पण मुक्काम कायम पेठेत. पेठेतली भजी, पेठेतला गणपती, पेठेतला बोळ, हे जेवणाआधी, जेवताना आणि जेवणानंतर. माणूस वाईट नव्हता, हे मी रागातसुद्धा मान्य करते. कामात चोख, अडल्यानडल्याला धावून येणारा. त्यामुळे राग जास्त येतो. वाईट माणसावर रागवायला काही कष्ट पडत नाहीत.

ताश्कंदला गेल्यावर एका शनिवार-रविवारी आम्ही बुखाऱ्याला गेलो. बाकीचे दोघं गालिचे बघायला बाजारात पळाले. मी आणि लीडसाहेब जुन्या शहरात पायी निघालो.

ते जुनं शहर मला पहिल्या वळणालाच आवडलं. मातीच्या भिंती, त्यांत चमकणाऱ्या गवताच्या काड्या. एवढाल्या घराला एवढंसं दार, पण त्या दारावर कोरीवकाम असं की हात लावल्याशिवाय पुढे जाववत नाही. गॅसचे पिवळे पाइप घरांच्या बाहेरून डोक्याच्या उंचीवरून गेलेले, आणि कुणाचं दार मध्ये आलं की पाइप कमानीसारखा वर चढून पलीकडे उतरलेला. गल्ली मध्येच दोन माणसांना शेजारी चालता येणार नाही इतकी अरुंद होई आणि पुढच्या वळणाला एखादा घुमट अंगावर येई. ताज्या रोट्यांचा वास कुठून येतोय ते कळत नव्हतं. मला बोलायचं नव्हतं, नुसतं चालायचं होतं.

पण शेजारी धावतं वर्णन चालू होतं. "हे बघ, अगदी आपला बोळ!" घुमटाखालची दुकानं आली की, "आपली मंडईच की गं!" कुणी म्हातारा दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयाने बघत होता, त्याला पाहून, "अस्सल पुणेकर!" याला मीही हसले. तो म्हातारा खरंच तसा होता.

मग ते तळं आलं. चौकोनी, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या पार पाण्यापर्यंत उतरलेल्या, काठाला तुतीची जुनी वाकडी झाडं. लोक लाकडी बाजांवर बसून चहा पीत होते. मी पाटीवरची रशियन अक्षरं लावून वाचली आणि म्हणाले, "याला हौज म्हणतात."

"हौद!" लीडसाहेब ओरडले. दोन बायकांनी वळून पाहिलं. "अगं, हौदच! म्हणजे शब्दसुद्धा तोच!" त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला तळ्यासमोर उभं करून फोटो काढला, मग स्वतःचा माझ्याकडून काढून घेतला. मग पायरीवर बसून म्हणाले, "आमच्या घरासमोर होता ना हौद. आता बुजवला मेल्यांनी. पण काय पाणी होतं! थेट कात्रजचं. सगळी पेठ पाणी भरायची."

"सगळी?" मी विचारलं. पहिल्यांदाच, मोठ्याने.

"सगळी म्हणजे सगळी. आमच्याकडे तसलं काही नव्हतं."

तसलं. मी पाण्याकडे बघत बसले. कोणता हौद, हे मला विचारावं लागलं नाही. ऑफिसात त्या हौदाचं नाव लीडसाहेब उठताबसता घेत. आणि आमच्या घरात ते नाव कुणी कधीच घेत नसे.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, त्या गल्ल्या झाडायला जायची. बाबा सहा-सात वर्षांचे असताना तिच्यासोबत जात. दुपारपर्यंत घसा कोरडा पडे. हौद कागदावर तोवर सगळ्यांना खुला झाला होता म्हणे. पण कागद काही उठून पाणी काढून देत नाही. बाबांनी हौदापासून लांब उभं राहायचं, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरायची, आणि कुणाला सवड आणि दया एकाच वेळी आली तर त्याने वरून पाणी ओतायचं. अंगावर शिंतोडे उडाले तर पोराने हलायचं नाही, कारण हललं तर ओतणाऱ्याच्या भांड्याला धक्का लागेल. बायका आपापसात गप्पा मारत. ओंजळ तशीच धरलेली असे.

हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाबा ऐन विशीत होते, आणि आपलं घर झाल्यावर त्यांनी त्यात एक नियम घातला होता. आमच्याकडे कुणालाही, कधीही, वरून पाणी द्यायचं नाही. पेला हातात द्यायचा. टपालवाला येवो, भंगारवाला येवो, विचारायच्या आधी पाणी, आणि हातात. तांब्या उंच धरून, मान मागे टाकून घटाघटा वरून पाणी पिण्याची जी रीत अर्ध्या पुण्यात आहे, तीही आमच्या घरात चालत नसे. माझी एक मैत्रीण एकदा तशी प्यायली. बाबा उठून अंगणात गेले. मैत्रीण गेल्यावर मी विचारलं आणि तेव्हा मला हौद कळला. सांगून झाल्यावर ते नेहमीचं बोलले, "आपण आपला आब राखून राहायचं." हा त्यांचा शब्द. आब.

तर बुखाऱ्यात मी पायरीवरून उठले आणि चालायला लागले. लीडसाहेब मागून आले. आता गल्ल्या सुनसान होत्या, बऱ्याच दारांना कुलपं. एका दाराशी एक म्हातारी बाई हाताने पाणी शिंपडून आपल्या पुढची गल्ली झाडत होती. लीडसाहेबांना तहान लागली होती. "विचार ना हिला, पाणी मिळेल का," ते म्हणाले. किती सहज म्हणाले! परक्या देशात, परक्या दाराशी. त्यांना आयुष्यात कुणी पाण्याला नाही म्हणेल असं वाटलंच नव्हतं.

मी विचारलं. बाईने झाडू भिंतीला टेकवला, आत गेली आणि दोन वाडगे घेऊन आली. "ओब," ती म्हणाली. मग मी परकी आहे हे आठवून रशियनमध्ये म्हणाली, "पाणी. आमच्या भाषेत ओब." माझ्या हातावर वाडगा ठेवला. तिची ओली बोटं माझ्या बोटांना लागली. ओब, आब. दोन्ही एकच, फारसीतून आलेले. आमच्यापर्यंत येईतो त्यातलं पाणी गेलं आणि नुसती प्रतिष्ठा उरली होती.

शेजारी लीडसाहेबांनी मान मागे टाकली, वाडगा हातभर उंच धरला आणि पाणी वरून तोंडात सोडलं. वाडग्याला तांब्यासारखा गळा नसतो. पाणी नाकात, गळ्यात, शर्टावर. ते खोकायला लागले. म्हातारीने घाबरून मला विचारलं, "त्याच्या ओठांना काही झालंय का?"

मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की हसू तिथेच थांबलं. "काय म्हणतेय?" लीडसाहेबांनी शर्ट झटकत विचारलं. मी सांगितलं. "सांग तिला, हायजीन," ते म्हणाले.

मी तिला ते सांगितलं नाही. मी वाडग्याला ओठ लावून पाणी संपवलं आणि विचारलं, "त्या हौजावर पूर्वी सगळे पाणी भरायचे का?"

"सगळे?" म्हातारी म्हणाली. "कोण सगळे?"

माझा प्रश्न. माझा स्वतःचा, मनातल्या मनात झिजवलेला प्रश्न, त्या बाईने न कचरता, कमरेवर हात ठेवून विचारला. ती ज्यू होती. ही गल्लीच ज्यूंची होती, देशाची दारं उघडल्यावर बहुतेक जण परदेशी निघून गेले, म्हणून एवढी कुलपं. पूर्वी अमीराच्या राज्यात तिच्या लोकांना कमरेला पट्टा बांधायची मुभा नव्हती, तिने सांगितलं. दोरी बांधावी लागे, म्हणजे लांबूनच ओळखू यावं. तिच्या आजोबांनी बांधली होती. "सगळे, असं कोण म्हणतं माहितीये?" ती म्हणाली. "ज्याच्या कमरेला पट्टा होता तो."

आमच्या शहरात एके काळी आमच्या लोकांच्या कमरेला काय बांधत आणि गळ्यात काय अडकवत, ते मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितलं. झाडू हा शब्द मला येत नव्हता. मी भिंतीला टेकवलेला तिचा झाडू दाखवला. तिने झाडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला पुन्हा पाणी हवंय का विचारलं.

परतीच्या वाटेवर लीडसाहेबांनी विचारलं, एवढं काय बोलत होतात दोघी? मी दोरीचं सांगितलं. "बापरे," ते म्हणाले. "तिकडे असायचं बुवा असलं काय काय."

पुण्यात परतल्यावर मी बाबांना म्हणाले, तिथे पाण्याला आब म्हणतात. बाबा पेपर वाचत होते. पानावरून नजर न काढता म्हणाले, "मग बरोबर आहे."

हिवाळ्यात बँकेची माणसं पुण्यात आली आणि लीडसाहेबांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. पाहुण्यांना पेठेतून पायी फिरवायचं. तेव्हा हेरिटेज वॉक हा शब्द पुण्यात नवानवा होता आणि ज्यांनी पेठ सोडून फ्लॅट घेतले होते त्यांना पेठेचं भारी प्रेम आलं होतं. लीडसाहेब इंग्रजीतून सांगणार आणि मी रशियन करणार. फेरीचा शेवट कुठे, तर त्यांच्या हौदापाशी. बुखाऱ्यातही हौद, आमच्याकडेही हौद, सगळी पेठ इथे पाणी भरायची, टाळ्या.

मी त्यांच्या टेबलाशी गेले. म्हणाले, ते वाक्य गाळा. का म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी बाबांचं सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला क्षणभर वाटलं, पोचलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, वाईट वाटतं ऐकून. पण पाहुण्यांसमोर कशाला? पॉझिटिव्ह ठेवू या ना. आणि आता आपण सगळे एकच आहोत."

माझी कानशिलं तापली. वाईट वाटलं होतं त्यांना, खोटं नव्हतं ते. पण एवढं वाटूनही वाक्य तसंच राहणार होतं. आणि ते वाक्य, दुसऱ्या दिवशी, माझ्या तोंडून निघणार होतं. बाबांनी मला जी भाषा शिकवली, त्या भाषेत मी सांगायचं की माझा बाप त्या हौदावर पाणी भरत होता.

घरी मी हे बोलून गेले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी येऊ का उद्या? तुझं रशियन मी कधी ऐकलंच नाही."

"बाबा, त्याच गल्लीत आहे."

"कळलं मला." ते उठून शर्टाला इस्त्री करायला लागले. कॉलर दोनदा केली. मी विचारलं, मग मी काय सांगू? इस्त्री उभी ठेवून ते म्हणाले, "खरं ते सांग. आब राखून सांग."

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गर्दी ओलांडून आम्ही मागच्या गल्ल्यांत शिरलो. पाहुणे पाच-सहा, पुढे लीडसाहेब, मधे मी. बाबा सर्वांत मागे, खांद्याला कापडी पिशवी, खिशाला पेन. बाबा भिंतींकडे, खिडक्यांकडे बघत नव्हते. खाली बघून चालत होते, रस्ता ओळखीचा असल्यासारखे. बरोबरच आहे, त्यांच्या आईने तोच झाडला होता.

हौदाच्या जागी सिमेंटचा ओटा होता, त्यावर विजेचा डबा, भोवती स्कूटरी. हौद फक्त चौकाच्या नावाच्या पाटीत उरला होता. लीडसाहेब ओट्याशी उभे राहिले, बाटलीतलं पाणी वरून प्यायले आणि बोलायला लागले. कात्रजचं पाणी, जमिनीखालचे नळ, वगैरे मी नीट रशियन केलं. मग ते वाक्य आलं. आवाजात तोच उमाळा. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी म्हणाले, "हे सांगताहेत की इथे सगळी पेठ पाणी भरायची. हे खरं नाही. ते मागे उभे आहेत ते माझे वडील. त्यांची आई ही गल्ली झाडायची. त्यांना या पाण्याला हात लावू देत नसत."

आवाज मी चढवला नाही. आब राखला. आतून मात्र मला तो विजेचा डबा उपटून फेकावासा वाटत होता. सगळ्या पाहुण्यांची डोकी एकदम मागे वळली, आणि भाषा कळत नसूनही लीडसाहेबांना मी काय बोलले ते कळलं. त्यांचा चेहरा उतरला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पाहुण्यांत बँकेच्या हिशेब खात्याच्या प्रमुख बाई होत्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. त्या वाट काढत बाबांपाशी गेल्या आणि मला म्हणाल्या, "यांना विचारा, मग हे पाणी कसं प्यायचे?"

मी विचारलं, "बाबा, विचारताहेत, तुम्ही पाणी कसं प्यायचा?"

"वरून," बाबा म्हणाले.

मराठीत तो शब्द पुरेसा आहे. गल्लीतल्या दोघा-तिघा ऐकणाऱ्यांनी लगेच मान दुसरीकडे वळवली. पण रशियनमध्ये वरून म्हणजे नुसतं वरून. पाऊस वरून पडतो, हुकूम वरून येतात. बाईंना काही उलगडलं नाही. मी ओंजळ म्हणायला गेले आणि अडकले. ठेव, व्याज, खातं, सर्व्हर, पासवर्ड, सगळं मला रशियनमध्ये येत होतं. ओंजळ कुणी शिकवली नव्हती. मी तोंड उघडून उभी, आणि बाई वाट बघताहेत.

बाबांनी माझी अडचण ओळखली. खांद्याची पिशवी काढून माझ्या हातात दिली. चष्मा सारखा केला. मग इस्त्रीच्या शर्टातला तो म्हातारा माणूस त्या ओट्यासमोर कमरेत वाकला, दोन्ही तळवे जोडून त्याने हनुवटीशी धरले, मान वर केली आणि तसाच थांबला. हलला नाही. स्कूटरवाले थांबले, लीडसाहेब खाली बघत राहिले, आणि बाबा लहानपणी थांबत तेवढं थांबले.

मग ते सरळ झाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी दोन्ही हात पुसले, बोटांच्या बेचक्यांतून, नीट. हात कोरडेच होते.